सुतकातला कॉम्प्युटर

विलास टेबलाखाली वाकून वायर ओढायला गेला आणि मनीषाने त्याच्या मनगटाला चावा घेतला. लहान पोर चावतं तसा नाही. दात रुतवून, मान हलवून. तो ओरडत मागे सरकला आणि भाताच्या कणगीवर आपटला. कणगीवरचं सूप घरंगळत दारापर्यंत आलं. मी मोरीतून धावत आले तेव्हा मनीषा टेबलाला पाठ लावून जमिनीवर बसली होती. एका हाताने प्लग भिंतीत दाबून धरलेला, ओठाला काकाचं रक्त. वर पडद्यावर इतिहासाची प्रश्नपत्रिका अर्धी होऊन अडकली होती आणि मशीनचा डबा घोंघावत होता.

"परत हात घातलात तर दुसरापण चावीन," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"वैनी, पिसाळलीय तुमची पोर," विलास मला म्हणाला.

"मंग इंजेक्शन घ्या," मी म्हटलं आणि हळद आणायला आत गेले.

विलास माझा धाकटा दीर. माझ्या लग्नात तो शेंबडा होता, त्यामुळे तोंडावर भावजी म्हटलं तरी लिहिताना मला त्याला अहोजाहो करणं जमत नाही. कॉम्प्युटर त्याचाच होता. कल्याणला तो ज्या ऑफिसात होता तिथे जुनी मशीनं काढून टाकली, त्यातलं एक त्याने मुलासाठी घेतलं. मुलाला पुढे नवं घेतलं तेव्हा जुनं गोणपाटात गुंडाळून धसईजवळच्या आमच्या घरी आणून ठेवलं. त्याच वर्षी मनीषा सासरहून, खर्डीहून परत आली. नवऱ्याने कानाखाली मारली होती, डाव्या कानाचा पडदा फाटला होता. स्थळ विलासने आणलेलं, त्यामुळे ती आमच्या घरात दिसली की त्याला टोचायचं. चाव्याच्या दिवशी, रविवारी, तो तीनचाकी टेम्पो घेऊनच आला होता. मशीन टेम्पोत घालायचं आणि दुसऱ्या दिवशी मनीषाला खर्डीला पोचवायचं, असं त्याने ठरवलं होतं. मशीन चालत नाही, कामं परत जातात, मग पोरीला इथे ठेवून करायचं काय, हा त्याचा हिशेब. माझा नवरा त्यावर हो म्हणाला नव्हता आणि नाही म्हणाला नव्हता. तो जन्मभर तसाच होता.

मोठं होण्याच्या गोष्टी लोक पंधरा-सोळा वर्षांच्या वयाच्या लिहितात. माझी शाळा चौथीला सुटली, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या शेतात भात लावत होते. त्यात मोठं होण्यासारखं काही नव्हतं, नुसती कंबर दुखायची. खरी मोठी झाले ती चाळिशीच्या आसपास, मुलीच्या बरोबरीने. म्हणून ते दिवस इथे लिहिते.

मनीषाने लग्नाआधी मुरबाडला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. परत आल्यावर ती पहिले काही दिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायची. मग एका सकाळी उठून तिने गोणपाट सोडलं आणि मशीन कणगीच्या शेजारी टेबलावर लावलं, कारण घरातला एकच धड प्लग तिथे होता. हळूहळू माणसं यायला लागली. कुणाला अर्ज टाइप करून हवा, कुणाला लग्नाची पत्रिका, कुणाला मुलाच्या नोकरीसाठी माहितीचा कागद. धसईच्या बाजाराला आलेली माणसं भाजीची पिशवी ओटीवर ठेवून आत डोकावायची. पोरगी परत आलीय हे बघायलाच निम्मी येत, पण काम देऊन जात. मग टोकावड्याच्या शाळेतून निरोप आला. एका वर्गाची सहामाहीची प्रश्नपत्रिका करून दाखवा, बिनचूक आणि वेळेत झाली तर सगळ्या वर्गांचं काम देऊ. वर्षभर पुरेल असं काम होतं. तिला घरात ठेवा म्हणून मला कुणाच्या पाया पडावं लागलं नसतं. प्रश्नपत्रिका सोमवारी सकाळी शाळेत पोचायची होती.

आणि नेमकं तेव्हाच मशीन मेल्यासारखं झालं होतं. गणपती झाले तेव्हापासून त्याची ही तऱ्हा. अक्षर दाबलं की ते उमटेपर्यंत चहाचा घोट घेऊन व्हायचा. दोन अक्षरं लागोपाठ दाबली तर पडदा गोठायचा आणि मग चारपाच अक्षरं एकदम सांडायची, तीही भलतीच. वर लोडशेडिंग. लाइट सकाळी थोडी, दुपारी थोडी, आणि त्या वेळातला निम्मा वेळ मशीन जागं होण्यात जायचा. मनीषा नखं खायची. मी भाकरी थापता थापता दर मिनिटाला आत बघायची. मला स्वस्थ बसवत नव्हतं, तिलाही नाही, आणि त्या डब्याच्या आतला पंखा लाइट असेपर्यंत घरघरत असायचा. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मनीषाला एकाच कानाने ऐकू येई, ते बरं होतं असं मला वाटायचं.

उपाय सगळे करून झाले. आधी मला वाटलं धूळ. लवकर पिकणारं हळवं भात तेव्हा कापून घरात आलं होतं, कणगीत ओतलं की सगळ्या घरात तूस उडायचं. वर मी हौसेने मशीनला लोकरीचं विणलेलं झाकण घातलं होतं, शोकेसमधल्या टीव्हीला घालतात तसं. मनीषाने ते ओढून काढलं. डब्याचा पत्रा उघडला तर आत उंदराच्या बिळात असतो तसा कोंडा. सायकलच्या पंपाने आम्ही तो उडवला, दोघी शिंकून बेजार झालो. मशीन थोडं गार राहायला लागलं, पण चाल तीच. मग तिने त्यातली गाणी काढली, विलासच्या मुलाचे खेळ काढले, कुणाकडून तरी सीडी आणून रोग शोधायचा प्रोग्राम चालवला. रोग निघाला नाही. मुरबाडहून रिपेअरवाला आला. भला माणूस होता. त्याने पंख्याला तेलाचा थेंब सोडला, आतली पट्टी काढून रबराने पुसून परत बसवली, आणि प्रोसेसर आता म्हातारा झालाय, नवीन घ्या म्हणाला. प्रोसेसर म्हणजे काय हे मनीषाने मला सांगितलं : आतलं डोकं, सगळा विचार तेच करतं. मी म्हटलं, म्हातारं झालं म्हणून टाकायचं तर आधी तुझ्या बापाला टाकावं लागेल.

त्या रविवारी विलासच्या मनगटावर मी हळद दाबली. त्याला ओटीवर बसवलं, तांदळाची भाकर, सुक्या बोंबलाची चटणी आणि काकडी पुढे केली. चावलेल्या हाताने तो जेवला. माणूस वाईट नव्हता, त्याला फक्त आपण केलेलं काम मोडलेलं बघवत नव्हतं. जेवता जेवता तो म्हणाला की लाइट जाईपर्यंत मशीनला हात लावणार नाही. तेवढ्यात पेपर निघाला तर मशीन इथेच राहील. नाही निघाला तर मशीनपण येईल आणि पोरगीपण. मी नवऱ्याकडे बघितलं. तो कोपऱ्यात वालाच्या शेंगा सोलत होता, त्याने मान वर केली नाही. लाइट चहाच्या वेळेला जायची.

मी आत जाऊन मनीषाच्या शेजारी पाट टाकून बसले. एरवी मी तिच्या कामात बसत नसे, इंग्रजी अक्षरं मला येत नाहीत. त्या दिवशी म्हटलं, मला ऐकू तर येतं. तू एकेक गोष्ट बंद कर, मी आवाज ऐकते. लग्नानंतर भाताच्या गिरणीवर मजुरी करण्यात जिचा जन्म गेला तिला हे सांगावं लागत नाही. गिरणीत भात असलं की मोटार दबून, कण्हत चालते. भात संपलं की पट्टा मोकळा फिरतो आणि आवाज हलका होतो. आमच्या डब्याचा आवाज सारखा दबलेला होता, आणि मनीषा काही टाइप करत नसतानाही तो तसाच राहायचा.

तिने प्रिंटरचं काहीतरी बंद केलं. मी म्हटलं, नाय. फॉन्टचं बंद केलं. नाय. पडद्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळाशेजारची चित्रं एकेक बंद करत गेली, एक लाल टिकलीसारखं चित्र बंद होईना, ते तिने सोडून दिलं. आवाज तसाच.

"मनी, यात काय घातलंस का तू?" मी विचारलं.

"नाय गो. पेपर तर उघडाय नुसता."

"मंग कुणीतरी दुसरं घातलंय. रिकामी गिरणी असं कण्हत नाय."

तिने तीन बटणं एकदम दाबली. बऱ्याच वेळाने एक चौकोन आला. हा चौकोन तिने आधीही कितीदा उघडला होता, पण त्याच्या पहिल्या पानावर फक्त डोळ्यांसमोर उघडी असलेली कामं दिसतात. मागे एक दुसरं पान असतं, त्यात पडद्याआड चाललेलं सगळं दिसतं. कोर्सच्या सरांनी बजावलं होतं की त्या पानावरच्या कशाला हात लावायचा नाही, मशीन बंद पडतं. म्हणून ती तिथे कधी गेलीच नव्हती. आता बंद पडायला राहिलं काय होतं. तिने दुसरं पान उघडलं. आडव्या ओळींत नावं आणि प्रत्येकासमोर आकडा. एस.टी.चे नंबर वाचून इंग्रजी आकडे मला येत होते. जवळजवळ सगळ्यांसमोर शून्य. मशीन रिकामं असलं की एका ठरावीक नावासमोर मोठा आकडा असायला हवा, असं ती म्हणाली, आणि तिथेही शून्य होतं. एकाच ओळीतला आकडा नव्वदीच्या घरात, मिनिटभर बघितलं तरी उतरला नाही.

"दर्शन," मनीषाने वाचलं. "आई, दर्शन नावाचं काय तरी आहे. सगळं तेच खातंय."

बाहेर शेंगा सोलायचा आवाज थांबला. माझा नवरा दारात येऊन उभा राहिला.

"त्याला हात लावू नको," तो म्हणाला.

इथे सुतकाचं सांगायला हवं. त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी आमचे चुलत सासरे गेले. भावकीला सुतक, मूर्ती घरात आणता येईना. आमच्याकडे गणपती नवऱ्याच्या आजोबांच्या वेळेपासून, कधी चुकला नव्हता. नवरा दोन दिवस धड जेवला नाही. मग मुरबाडच्या बाजारातून त्याने एक सीडी आणली आणि मनीषाला लावायला सांगितली. पडद्यावर गणपती आला. त्याच्यापुढे समई, तिची ज्योत हलायची, उदबत्तीचा धूर वर जायचा, वरून फुलं पडायची, आणि पडद्यावरचा बाण तिच्यावर नेला की घंटा वाजायची. मूर्तीला सुतक लागतं, चित्राला लागत नाही, असं नवऱ्याने स्वतःच ठरवलं होतं आणि भटजींना विचारायला तो गेला नव्हता. त्या वर्षी आमच्या घरात आरती झाली नाही, पण लाइट असेपर्यंत ज्योत हलत होती. दहा दिवसांनी मनीषाने कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारली आणि तो दिसेनासा झाला. आम्हा दोघींना वाटलं गेला. तो गेला नव्हता. नुसता पडद्याआड झाला होता, आणि मशीन चालू झालं की आपोआप चालू व्हायचा. तिथे कुणी बघत नसताना ज्योत हलत होती, धूर वर जात होता, फुलं पडत होती, आणि मशीनचं सगळं डोकं त्यातच चाललं होतं.

नवऱ्याला ते माहीत होतं. अडखळत त्याने सगळं सांगितलं. सकाळची लाइट आली की मनीषा न्हाणीत जायची, तेवढ्यात तो मशीनपुढे बसायचा. घड्याळाशेजारच्या लाल टिकलीवर टिचकी मारली की गणपती वर यायचा. हा हात जोडायचा, मग फुलीवर टिचकी मारून, देव्हाऱ्याचा पडदा ओढतात तसं परत झाकायचा. उत्तरपूजा झालेली नाही म्हणजे देव अजून बसलेला आहे, बसलेला देव तसाच उपटला तर पोरीच्या संसाराला लागेल, असं त्याच्या मनात. मशीन त्याच्यामुळे अडतं हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. समईने कुठे घर अडतं, असं तो मला नंतर म्हणाला.

"रोज काय मागत व्हतात, बाबा?" मनीषाने विचारलं.

डबा घोंघावत राहिला. तो म्हणाला, "तू नांदावीस. जावयाने न्यायला यावं."

मी आजवर पुष्कळ माणसांना मार खाताना बघितलंय. मनीषाचा चेहरा तसा झाला. पण ती बोलली ते सावकाश बोलली.

"मी हितं ऱ्हायाला मिळावं म्हणून या मशीनवर बसते. आणि त्याच्यातच बसून तुमी मला धाडायचं मागता. ऐकलं की त्याने तुमचं, बाबा. टेम्पो आलाय दारात."

तिचं बोट बटणावर होतं. नवऱ्याने तिचा हात धरला नाही, पण दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. मला राग आला. देवाचा नाही. मी देव मानते, अजून मानते. पण बसवलेला देव वेळेवर उठवावा लागतो हे मला सासूने शिकवलं होतं. अक्षता टाकायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची, की नंतर ती नुसती माती. मग खुशाल उचला. मी आत गेले, नव्या भाताचे पोहे दह्यात कालवले, गणपतीला निघताना शिदोरी देतात तशी वाटी भरली, मूठभर अक्षता घेतल्या आणि नवऱ्यापुढे धरल्या.

"उठवा त्याला."

"प्रतिष्ठा कुठं केलती, उत्तरपूजा कशी करायची?"

"प्रतिष्ठा नाय केली तर तो बसलाच नाय. बसला असंल तर उठवा. दोनातलं एक बोला, लाइट जाईल."

त्याने टोपी नीट केली, लाल टिकलीवर टिचकी मारून गणपती वर आणला, हात जोडले आणि अक्षता टाकल्या. पडद्याला लागून त्या बटणांत सांडल्या. दोन्ही हातांनी त्याने तो जड मॉनिटर धरला आणि बोटभर सरकवला. मी वाटी पुढे ठेवली. त्याने तोंडातल्या तोंडात काही म्हटलं आणि बाजूला झाला. मनीषाने बटणांची पट्टी उलटी करून तांदूळ झटकले आणि बटण दाबलं. मशीनने नक्की का म्हणून विचारलं. तिने होय म्हटलं.

आधी काहीच झालं नाही. मग आवाज उतरला. एकदम नाही, शेवटची मूठ भरडून गेल्यावर उतरतो तसा. आणि कितीतरी दिवसांनी मला घरात बसून बाहेरचं ऐकू आलं. कोंबड्या कुरकुरत होत्या आणि ओटीवर विलास घोरत होता. मनीषाने आधी पेपर सेव्ह केला, मग दर्शन जिथून दर वेळी उठत होतं तिथूनही ते काढलं, आणि टाइप करायला लागली. अक्षर बोटाबरोबर उमटत होतं. ती इतकी भरभर टाइप करते हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. हल्ली विलासच्या नातवंडांचे मोबाइल तापले की ती म्हणतात, मागे किती कायकाय चालू आहे बघ. मला तेव्हा ती पडद्याआडची ज्योत दिसते.

पेपर छापून झाला तरी लाइट गेली नाही. चहाची वेळ झाली, टळली, आणि आम्ही तिघं दिव्याकडे बघत बसलो. विलास उठला, चूळ भरून आत आला, पानं हातात घेऊन दारातल्या उजेडात वाचली. दोनदा वाचली. मग म्हणाला की पाचव्या प्रश्नात सनावळीचा आकडा उलटा पडलाय. मनीषाने कच्चा कागद बघितला, खरंच पडला होता. तिने तो सुधारला, ते पान परत छापलं, आणि मगच लाइट गेली.

"उद्या खर्डीचं काय?" विलासने भावाला विचारलं.

माझा नवरा शेंगांचं सूप उचलत होता. "उद्या मला टोकावड्याला जायचंय," तो म्हणाला. "पेपर द्यायला."

तेवढंच. विलासने आणखी विचारलं नाही. टेम्पो रिकामा न्यायचा तर त्याला कसंतरी वाटत होतं, म्हणून त्यात दोन लाल भोपळे आणि भाताचं पोतं घालून तो गेला. दुसऱ्या दिवशी नवरा सकाळच्या गाडीने टोकावड्याला गेला आणि सगळ्या वर्गांचे कच्चे कागद पिशवीत घालून परत आला. मनीषाला खर्डीला पाठवायचा विषय आमच्या घरात परत निघाला नाही.

खर्डीच्या त्या माणसाने पुढच्याच वर्षी दुसरी बायको केली. डोंगरापलीकडची होती, मागे कुणी नव्हतं, मी तिला कधी बघितलं नाही. ती त्या घरात मेली. काय झालं ते कुणी धड सांगितलं नाही. माझा नवरा नंतर काही वर्षांनी गेला, विलास त्याच्या मागून. मनीषा जिवंत आहे.